स्वयंसेवेचे तास आणि शिकवणीचा रकाना : पणजीतील एका अर्ज-सल्लासेवेचा अनुभव

माझी भाची अमेरिकेत जन्मली, तिथेच वाढली आणि तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी तिने अर्ज केला. अर्जातला सर्वांत अवघड विभाग मात्र तिने आमच्या डिचोलीच्या घरी बसून पुरा केला, कारण जे काम तिला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटत होते ते तिने याच तालुक्यातल्या एका गावात केले होते. या विभागासाठी आम्ही पणजीतील एका खासगी सल्लासेवेची मदत घेतली. त्या सेवेने काय चांगले केले, कुठे चूक केली आणि पैसे सार्थकी लागले का, हे येथे लिहीत आहे. सेवेचे नाव मी देत नाही. ती चालवणाऱ्या मॅडम सगळे काम एकहाती पाहतात, चूक दाखवल्यावर त्यांनी ती मोकळेपणाने मान्य केली, आणि माझा आक्षेप व्यक्तीवर नसून पद्धतीवर आहे.

गोव्यातल्या बहुतेक पालकांना हा विषयच नवा वाटेल. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. परंतु आज तिथे एमबीबीएसला प्रवेश मिळतो तो नीटच्या गुणांवर. ७२० पैकी गुण किती, हा पहिला आणि मोठा प्रश्न. मुलाने शेजारच्या मुलांना विनामूल्य शिकवले का, कुणा आजारी माणसाजवळ बसला का, हे विचारणारा रकाना त्या प्रक्रियेत नाही. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले, आणि डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलांना अकरावी-बारावीत अशा कामांपासून दूर राहायला मीच सांगत आले. म्हणून भाचीचा अर्ज पाहताना मला बरेच नव्याने शिकावे लागले.

अमेरिकेत एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) अभ्यासक्रमाच्या बहुसंख्य महाविद्यालयांसाठी एकच सामाईक अर्ज असतो. तो तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना, म्हणजे एएएमसी, चालवते आणि त्याला ‘ॲमकॅस’ म्हणतात. टेक्सासमधील बहुतेक महाविद्यालयांसाठी आणि डीओ ही वेगळी वैद्यकीय पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांसाठी अर्जाच्या वेगळ्या व्यवस्था आहेत. त्यांत मी येथे शिरत नाही. ॲमकॅसमध्ये महाविद्यालयीन गुण, एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण, स्वतःविषयीचा निबंध आणि शिफारसपत्रे यांच्या जोडीला कामे आणि उपक्रम यांचा स्वतंत्र विभाग असतो. त्यात जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीत कामाचा प्रकार, ठिकाण, तारखा, झालेले तास, पुढे होणार असतील तर ते तास, खातरजमा करू शकेल अशा व्यक्तीचे नाव व संपर्क, आणि मोकळ्या जागा धरून ७०० अक्षरांत मावेल एवढे वर्णन द्यायचे असते. यांपैकी तीनपर्यंत नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरे मिळतात. अर्ज एकदा सादर झाला की या नोंदींचा मजकूर बदलता येत नाही.

घोळ होतो तो प्रकार निवडताना. यादीत वैद्यकीय स्वयंसेवा आहे, अवैद्यकीय स्वयंसेवा आहे, वैद्यकीय आणि अवैद्यकीय पगारी नोकरी आहे, अध्यापन-शिकवणी आहे, डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण आहे, संशोधन आहे, नेतृत्व आहे, छंदसुद्धा आहेत. एका नोंदीला मात्र एकच प्रकार निवडता येतो. मग जी शिकवणी विनामूल्य केली ती शिकवणी म्हणायची की स्वयंसेवा? जी पगार घेऊन केली ती नोकरी की अध्यापन? ॲमकॅसची मार्गदर्शक पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि अर्ज कसा भरावा हे ती नीट सांगते. पण आपल्या कामाचे वजन कोणत्या बाजूला आहे हे अर्जदारालाच ठरवावे लागते. आम्ही सल्लासेवेकडे गेलो ते याच एका कारणासाठी. भाचीच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्री-मेड सल्लागार आहेत आणि ते शुल्क घेत नाहीत, परंतु गोवा आणि न्यू जर्सी यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर पडते, आणि मेच्या मध्यापासून त्यांच्याकडे अर्जदारांची एवढी गर्दी होते की तिला अर्ध्या तासाची एकच भेट मिळाली होती.

पणजीतल्या या सेवेचे शुल्क चार बैठकांसाठी १८,००० रुपये होते. दीड तासाची एक बैठक, समोरासमोर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. पहिली बैठक मेच्या अखेरीस झाली. बाहेर पाऊस सुरू झाला होता, वीज दोनदा गेली, आणि तरीही ती बैठक आमच्या सगळ्या बैठकांत उत्तम ठरली. मॅडमनी संगणक उघडलाच नाही. भाचीला त्यांनी सांगितले, “तू गेल्या चार वर्षांत काय काय केलेस ते मला क्रमाने सांग, अर्जाचा विचार करू नकोस.” ती सांगत गेली आणि त्या मधूनमधून विचारत गेल्या: रोज किती वाजता जायचीस, तुझ्याबरोबर कोण असायचे, पहिल्या दिवशी काय बिघडले, शेवटच्या दिवशी मुले काय म्हणाली. अमेरिकेत वाढलेली मुले आपल्या कामाविषयी बोलायला कचरत नाहीत असा आपला समज असतो. ही मुलगी मात्र गावातल्या वर्गाविषयी दोन वाक्यांत बोलून मोकळी झाली होती. त्या प्रश्नांमुळे ती पहिल्यांदा सविस्तर बोलली.

गावातला तो वर्ग देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्यासाठीच्या इमारतीत, भरत असे. २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जून ते ऑगस्टच्या पावसात, ती आमच्याकडे राहिली आणि आठवड्यातून चार संध्याकाळी तिसरी-चौथीच्या मुलांना दीड दीड तास गणित शिकवले. ती तिकडे परत गेल्यावर दोन शैक्षणिक वर्षे रविवारी तासभर व्हिडिओ कॉलवरून वर्ग चालू राहिला. इथे मोबाइल धरायला शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः येऊन बसायच्या. तिचे मराठी घरात बोलण्यापुरते होते. वजाबाकीत ‘हातचा’ म्हणजे काय हे तिला मुलांनीच शिकवले. एका मुलीला दहाचा हातचा काही केल्या उमजत नव्हता, तेव्हा भाचीने माझ्या स्वयंपाकघरातून चिंचोके नेले, दहा दहा चिंचोक्यांच्या कागदी पुड्या बांधल्या, आणि बावन्नातून सतरा काढायचे असतील तर एक पुडी सोडावीच लागते हे त्या मुलीला तिच्याच हाताने करू दिले. पुडी सोडल्यावर जमिनीवर पसरलेले चिंचोके ती मुलगी पुन्हा पुन्हा मोजत होती. मी दारात उभी राहून हे पाहिले आहे. गणिताच्या शिक्षिकेने हे पाहिल्यावर तिला जे वाटेल ते मला वाटले.

दुसऱ्या बैठकीत मॅडमनी तक्ता पुढे ठेवला, आणि इथे माझी निराशा झाली. तो तक्ता सुबक होता, रंगीत होता, प्रत्येक कामापुढे प्रकार आणि तास लिहिलेले होते. पण पहिल्या बैठकीत त्यांनी स्वतः ऐकून घेतलेले त्यात जवळजवळ काहीच उरले नव्हते. गावातला वर्ग आणि भाचीने विद्यापीठाच्या शिकवणी केंद्रात पगारावर केलेले रसायनशास्त्राचे अध्यापन ही दोन्ही कामे त्यांनी एकाच नोंदीत, अध्यापन-शिकवणी या प्रकारात घातली होती, कारण दोन्ही शेवटी शिकवणेच आहे आणि एकत्र केल्याने तास मोठे दिसतात. गावातल्या वर्गाचे तास तयारीचा वेळ धरून ३०० दाखवले होते. वृद्धाश्रमातल्या संध्याकाळी वैद्यकीय स्वयंसेवेत गेल्या होत्या.

या तिन्ही गोष्टींविषयी सविस्तर लिहिते, कारण अशा सेवेकडे जाणाऱ्या प्रत्येकाला यांतल्या एखाद्या तरी गोष्टीचा सामना करावा लागेल.

पहिली गोष्ट तासांची. भाचीने हजेरीची वही ठेवली होती. दोनशे पानी साधी वही, पुठ्ठ्यावर तिच्या वळणदार पण चुकीच्या मराठीत ‘गणीत वर्ग’ असे लिहिलेले, आत मुलांची नावे, तारखा, आणि काही तारखांपुढे ‘पाऊस, वर्ग नाही’ अशी नोंद. आम्ही घरी बसून हिशेब केला. पहिल्या वर्षी सात आठवडे, म्हणजे ४२ तास, दुसऱ्या वर्षी आठ आठवडे, ४८ तास, तिसऱ्या वर्षी नऊ आठवडे, ५४ तास, एकूण १४४. पावसामुळे रद्द झालेले सात दिवस वजा केले तर १३३ तास ३० मिनिटे. रविवारचे ५२ तास मिळवले की १८५ तास आणि वर ३० मिनिटे. तिने १८५ लिहिले. मॅडमचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तयारीला वेळ लागतोच, आणि तिने तो दिलाही होता. परंतु त्या वेळेची कुठेही नोंद नव्हती, आणि खातरजमेसाठी ज्या मुख्याध्यापिकांचे नाव दिले होते त्यांना तयारीचे तास ठाऊक असणे शक्य नव्हते. अर्ज सादर करताना अर्जदाराला सर्व माहिती खरी आणि पूर्ण असल्याचे प्रमाणित करावे लागते. मुख्याध्यापिकांना कुणी विचारले आणि त्यांनी आपल्या अंदाजाने दोनशेच्या आत आकडा सांगितला, तर ३०० लिहिणाऱ्या मुलीकडे बोट जाणार. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच आकडा बदलला. वही दुसऱ्या बैठकीपूर्वीच मागायला हवी होती, असेही त्या म्हणाल्या.

या ठिकाणी अर्जातली एक सोय सांगायला हवी, जी मॅडमना नीट माहीत होती आणि आम्हाला नव्हती. एकच काम मध्ये खंड पडून पुन्हा झाले असेल तर एकाच नोंदीत त्याचे चारपर्यंत वेगवेगळे कालखंड देता येतात. त्यामुळे तीन उन्हाळ्यांसाठी तीन नोंदी खर्च कराव्या लागल्या नाहीत. अशा बारकाव्यांसाठी ही सेवा उपयोगी आहे, यात शंका नाही.

दुसरी गोष्ट दोन शिकवण्या एकत्र करण्याची. रसायनशास्त्राच्या शिकवणीचे काम दोन सत्रे, आठवड्याला सहा तास असे चालले. एकूण १८० तास, पगार विद्यापीठाकडून, विद्यार्थी तिच्याच वयाचे. गावातला वर्ग विनामूल्य, मुले आठ-नऊ वर्षांची, भाषा तिला अर्धीमुर्धी येणारी. दोन्हींत शिकवणे आहे म्हणून ते एकच काम होत नाही. शिवाय एकत्र केल्यावर ७०० अक्षरांत दोन्हींना निम्मी निम्मी जागा मिळणार, आणि दोन संपर्क व्यक्तींपैकी कोणाचे नाव द्यायचे हाही प्रश्न. तिने दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवायच्या असे आमच्या घरी एकमताने ठरले. प्रश्न उरला तो प्रकाराचा, आणि त्यावर मी आणि भाची दोन दिवस वाद घालत होतो. माझे म्हणणे होते की तिने केले ते शिकवण्याचे काम, त्याला शिकवणीच म्हणावे. शिक्षिकेला त्या शब्दाचा मान कमी वाटत नाही. डॉक्टर हा शब्दच ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, हेही मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, “मावशी, शिकवणं तर मी तिकडेही केलं. इथे मी कुणी बोलावलं नव्हतं तरी आले, आणि पाऊस असला तरी आले. ते त्यात कसं दिसणार?”

हा वाद तिसऱ्या बैठकीत मॅडमनी सोडवला, आणि त्याचे पूर्ण श्रेय मी त्यांना देते. त्यांनी भाचीच्या सर्व अकरा नोंदी अकरा कार्डांवर लिहायला लावल्या, फक्त प्रकार आणि एक ओळ, आणि टेबलावर मांडल्या. मग तिला म्हणाल्या, “तुला न ओळखणारा माणूस एवढंच पाहतो आहे असं समज. त्याला काय दिसत नाही?” कार्डे पाहिल्यावर उत्तर समोरच होते. रुग्णालयातली स्वयंसेवा दिसत होती. तिच्या अमेरिकेतल्या गावच्या रुग्णालयात तिने चाकाच्या खुर्चीवरून रुग्णांना तपासणीला नेण्याचे काम १६० तास केले होते, आणि त्याच्या प्रकाराविषयी काही वादच नव्हता. प्रयोगशाळेतले संशोधन दिसत होते. अध्यापन, रसायनशास्त्राच्या शिकवणीमुळे, ठळक दिसत होते. मात्र रुग्णालयाबाहेर, पगाराशिवाय, लोकांसाठी वर्षानुवर्षे सातत्याने केलेले काही काम तिने केले आहे, हे कोणत्याच कार्डावरून कळत नव्हते, जोवर गावातला वर्ग शिकवणीच्या प्रकारात होता. तो अवैद्यकीय स्वयंसेवेत ठेवला की ती उणीव भरून निघत होती, आणि तो वर्ग शिकवण्याचा होता हे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात येत होते. म्हणजे प्रकार एका नोंदीपुरता पाहून ठरत नाही. सगळ्या नोंदी शेजारी ठेवून ठरतो. पगारी शिकवणी तिच्याकडे नसती आणि वृद्धाश्रमासारखे दुसरे अवैद्यकीय काम भरपूर असते, तर हाच वर्ग शिकवणीच्या प्रकारात ठेवणे योग्य झाले असते. मी माझा आग्रह सोडला. पगारी शिकवणी अध्यापनात गेली. ती अवैद्यकीय नोकरीतही बसली असती, पण त्या कामात पगारापेक्षा शिकवण्याचे वजन अधिक होते.

मॅडमनी याच बैठकीत आणखी एक चांगली गोष्ट केली. अकराच नोंदी आहेत, चार जागा रिकाम्या राहतात, या काळजीने भाचीने एका परिषदेला एक दिवस हजेरी लावल्याची आणि देवळात भरलेल्या नेत्रतपासणी शिबिरात दोन दिवस मदत केल्याची अशा दोन नोंदी वाढवायचे ठरवले होते. “पंधरा ही मर्यादा आहे, अपेक्षा नाही,” असे सांगून त्यांनी परिषदेची नोंद काढायला लावली. शिबिराची ठेवली नाही तेही बरेच झाले. चौदा तासांच्या कामाला स्वतंत्र नोंद दिली की बाकीच्या नोंदींचाही भाव उतरतो.

तिसरी गोष्ट वृद्धाश्रमाची, आणि तीच मला सर्वांत गंभीर वाटली. २०२३ च्या पावसाळ्यात भाची दर शनिवारी एका वृद्धाश्रमात जात असे. तिथल्या आजी-आजोबांना ती मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अडखळत वाचायची आणि ते तिचे उच्चार सुधारायचे; पत्ते खेळायची. पाच-सहा वेळा तिथल्या परिचारिकेच्या सांगण्यावरून तिने रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा एखाद्या आजींच्या दंडाला गुंडाळला. तक्त्यात ते काम वैद्यकीय स्वयंसेवा झाले होते आणि वर्णनाच्या मसुद्यात ‘रक्तदाब तपासला’ असे पहिले वाक्य होते. मॅडमचे कारण असे की वैद्यकीय तास जितके अधिक दिसतील तितके चांगले. भाचीने तिथेच सांगितले, “मॅडम, मी तिथे रुग्णसेवा केली नाही. मी आजींना पेपर वाचून दाखवला.” मला तिचा अभिमान वाटला, आणि तिची बाजू तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होती. वैद्यकीय प्रकार निवडायचा तर कामाचा मुख्य भाग रुग्णांशी आणि त्यांच्या उपचारांशी जोडलेला असायला हवा. साठ तासांतले काही मिनिटांचे एक काम उचलून सगळ्या नोंदीचे नाव त्यावरून ठेवणे चुकीचे आहे. त्यातच परदेशात, विशेषतः आपल्यासारख्या देशांत, जाऊन प्रशिक्षण नसताना रुग्णांवर काही करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी तिकडच्या प्रवेश समित्या सावध असतात. एएएमसीने अशा विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढलेल्या आहेत. भारतातल्या कामात ‘रक्तदाब तपासला’ हे पहिलेच वाक्य वाचणाऱ्याच्या मनात जो प्रश्न उभा करील, तो तिच्या फायद्याचा नव्हता. नोंद अवैद्यकीय स्वयंसेवेत गेली, आणि रक्तदाबाचे वाक्य पूर्ण काढले.

मॅडमनी हे आपणहून ओळखायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याकडून आपण ज्या दक्षतेची अपेक्षा करतो, ती इथे वीस वर्षांच्या अर्जदार मुलीने दाखवली. दुसरे मूल असते, गप्प बसणारे, तर तो मसुदा तसाच पुढे गेला असता. पालकांनी बैठकीला बरोबर जावे, निदान तक्ता घरी आल्यावर एकेक ओळ मुलाबरोबर वाचावी, ही माझी विनंती याच अनुभवातून आहे.

वर्णनाच्या भाषेवर मॅडमची पकड चांगली आहे. पहिल्या मसुद्यात गावातल्या मुलांसाठी त्यांनी ‘वंचित’ या अर्थाचा शब्द वापरला होता, तो मला खटकला. ती मुले माझ्या ओळखीच्या घरांतली आहेत. त्यांच्यातल्या काहींचे वडील खाणींवर ट्रक चालवायचे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यानंतर डिचोली-सत्तरीतल्या अशा अनेक घरांचे उत्पन्न तुटले, खासगी शिकवणीचे पैसे परवडेनासे झाले. मी हे सांगितल्यावर मॅडमनी तो विशेषणाचा शब्द काढून त्याच्या जागी हीच वस्तुस्थिती एका वाक्यात घातली. वाचणाऱ्याला मुलांची गरज त्यातून कळते आणि मुलांना नाव ठेवले जात नाही. चिंचोक्यांची गोष्ट १३२५ अक्षरांच्या जागेत गेली, कारण हा वर्ग भाचीने ‘सर्वांत अर्थपूर्ण’ नोंदींपैकी एक म्हणून निवडला. चिंचोक्याला इंग्रजीत काय म्हणायचे यावर बराच वेळ गेला. शेवटी ‘चिंचेच्या बिया’ असे सरळ लिहिले. त्या मसुद्याचे पाच खर्डे झाले, आणि पाचही मॅडमनी मन लावून वाचले.

संपर्क व्यक्तीची बाब लहान वाटते, पण गोव्यातून काम दाखवणाऱ्यांनी ती आधीच पाहून ठेवावी. नावाबरोबर फोन किंवा ईमेल द्यावा लागतो, आणि समितीने विचारल्यास उत्तर देऊ शकेल अशी व्यक्ती हवी. गावच्या मुख्याध्यापिका मोबाइलवर सराईत आहेत, परंतु ईमेल त्या फार पाहत नाहीत. आम्ही त्यांच्या घरी जाऊन त्यांना हजेरीच्या वहीची प्रत दिली आणि काय लिहिले आहे ते मराठीतून वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “एवढंच? ती यापेक्षा जास्त आली होती.” तरी आकडा आम्ही १८५ च ठेवला.

आता सेवेविषयी माझे मत. ज्यांच्या मुलाला विद्यापीठातला सल्लागार सहज भेटतो, त्यांनी १८,००० रुपये खर्च करण्याची गरज नाही. विनामूल्य पुस्तिका, एक वही आणि एक प्रामाणिक वाचक एवढ्यावर हे काम होते. ज्यांना असा सल्लागार मिळत नाही, किंवा ज्यांचे मूल स्वतःच्या कामाविषयी बोलायला संकोचते, त्यांना पहिल्या आणि तिसऱ्या बैठकीसारखी मदत गोव्यात क्वचितच मिळेल. दुसऱ्या बैठकीतला तक्ता मात्र कुणीही डोळे झाकून स्वीकारू नये. प्रकार ठरवण्याआधी नोंदी पाहणे, तास ठरवण्याआधी वही मागणे आणि ‘वैद्यकीय’ हा शब्द लावण्याआधी मुलाला विचारणे, एवढे त्यांनी आपल्या पद्धतीत आणले तर ही सेवा शुल्काच्या तोडीची होईल. मी हे त्यांना लेखी कळवले आहे. पुढच्या अर्जदारांसाठी पहिल्या बैठकीला हजेरीची वही, डायरी किंवा संदेशांच्या नोंदी आणायला सांगणार असल्याचे त्यांचे उत्तर आले.

चौथी बैठक आम्हाला लागलीच नाही. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात सादर झाला, आणि त्या बैठकीचे ४,५०० रुपये मॅडमनी आम्ही न मागता परत केले.